खाऱ्या हवेत व्हील स्पेसर: कंपनीच्या रिमवर २५ मिलिमीटर

स्पेसर म्हणजे चाक थोडं बाहेर सरकावं म्हणून हब आणि रिमच्या मधे घालायची जाड चकती. एका चाकाचा स्पेसर बसवायला दहा-पंधरा मिनिटं पुरतात. त्याआधी हबचं तोंड, म्हणजे ॲक्सलच्या टोकाला रिम जिथे टेकते तो सपाट भाग, साफ करायला पाऊण तास जातो. रत्नागिरीत समुद्रापासून हाकेच्या अंतरावर दोन पावसाळे उघड्यावर काढलेल्या मारुती सुझुकीच्या जिमनीवर हे काम केलं, तेव्हा चारही चाकांना वेळेचा हिशोब साधारण हाच पडला. देशावरच्या कोरड्या हवेत चाक काढा, स्पेसर लावा, नट आवळा, एवढ्यावर भागून जात असेल. किनाऱ्यावर तसं केलं तर पहिला महिना काही कळत नाही. जे व्हायचं ते गणपतीत भरल्या गाडीनिशी घाट चढताना होतं.

पाच दरवाज्यांची जिमनी आपल्याकडे २०२३ च्या जूनमध्ये आली. तिच्या चाकाची मापं अशी: पाच स्टड (नट चढतात ते आट्यांचे खुंट), पीसीडी (स्टडच्या वर्तुळाचा व्यास) १३९.७ मिलिमीटर, मधलं भोक १०८, स्टड एम १२ (१२ मिलिमीटर जाड) आणि आटे १.२५ मिलिमीटर अंतराचे, रिम १५ इंची साडेपाच रुंद, ऑफसेट (रिमच्या मध्यापासून टेकणाऱ्या तोंडाचं अंतर) अधिक ५, टायर १९५/८० आर १५. नट ६० अंशांच्या शंकूचे, टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, १०० न्यूटन-मीटर. यातला १.२५ हा आकडा नीट लक्षात ठेवा. सुझुकीचे आटे बारीक. ह्युंदाई, टोयोटा, होंडाचे १.५ चे. दीडचा नट सव्वाच्या स्टडवर दोन फेरे गुपचूप चढतो आणि मग अडतो. तिथे कोणी इम्पॅक्ट गन (ठोके देत नट फिरवणारं यंत्र) लावली की स्टडही गेला आणि नटही.

स्पेसर कशासाठी? बहुतेक करून दिसण्यासाठीच. जिमनीचा पुढचा ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांच्या मध्यांतलं अंतर) १३९५ मिलिमीटर. दोन्ही बाजूंना २५ घातले की १४४५ होतो आणि वळणावर गाडी थोडी कमी कलते. त्याची किंमतही मोजावी लागते. चाकाचा मध्य स्टीअरिंग ज्या अक्षाभोवती वळतं त्यापासून २५ मिलिमीटर लांब जातो, त्यामुळे एकच चाक खड्ड्यात गेलं की स्टीअरिंगला आधीपेक्षा मोठा हिसका बसतो. बेअरिंगवरचा ताण वाढतो. आणि चाक मडफ्लॅपच्या बाहेर आल्यामुळे पावसात लाल चिखल थेट दारांच्या मुठींपर्यंत उडतो. हे तिन्ही पटत असेल तरच पुढचं वाचण्यात अर्थ आहे.

जाडी ठरवायला गवंड्याचा ओळंबा वापरला. गाडी सपाट फरशीवर, टायरमध्ये ठरलेली हवा, स्टीअरिंग सरळ. ओळंब्याची दोरी मडगार्डच्या कडेवरून चाकाच्या मध्यासमोर सोडायची आणि दोरी ते टायरचा सगळ्यात फुगलेला भाग हे अंतर मोजायचं. डावी-उजवी मापं सारखी येणार नाहीत. जिमनीचे दोन्ही ॲक्सल अखंड आहेत आणि आडव्या दांडीने चासीला धरलेले आहेत, त्यामुळे बॉडी किंचित एका अंगाला असतेच. त्यात बिघाड काही नाही. चारांतलं सगळ्यात लहान माप धरायचं आणि त्यातून निदान तीन-चार मिलिमीटर वजा करायचे. आमचं सगळ्यात लहान माप तीसच्या आसपास आलं, म्हणून २५ चा स्पेसर. तीसचा घेऊन चाक कडेला बरोबर टेकवण्याचा मोह होतो. पण आडव्या दांडीमुळे सस्पेन्शन दबताना ॲक्सल थोडा बाजूला सरकतो आणि उभ्या गाडीला मडगार्डच्या आत दिसणारा टायर चालत्या गाडीत बाहेर डोकावतो.

स्पेसर दोन जातींचे. एक नुसती चकती, जी मूळ स्टडवर सरकवून वर चाक चढवायचं. दुसरा बोल्टचा: तो मूळ स्टडवर वेगळ्या नटांनी आवळायचा आणि चाक स्पेसरच्या स्वतःच्या स्टडवर. २० मिलिमीटरच्या वर बोल्टचाच घ्यायचा. त्याखाली आतल्या नटाला स्पेसरच्या पोटात बुडायला जागाच मिळत नाही, नट वर राहतो आणि चाक नटावर टेकतं.

मूळ स्टडची टोकं स्पेसरच्या जाडीपेक्षा उंच निघाली तर ती चाकाच्या बाजूला डोकावतात. कंपनीच्या बऱ्याच अलॉय रिमना मागून, नटांच्या भोकांच्या मधे ओतीव खळगे असतात, त्यात ही टोकं मावतात. पत्र्याच्या रिमला हा भरवसा नाही. मावतात की नाही ते बघायला घट्ट मळलेल्या कणकेच्या गोळ्या खळग्यांत दाबल्या, रिम स्पेसरवर टेकवून दोन नट हाताने बसवले आणि काढून कणीक मोजली. टोकाखाली दोन मिलिमीटरपेक्षा कमी कणीक उरली तर तो स्पेसर त्या गाडीला नाही. स्टड कापून जुळवणारे मेस्त्री भेटतात. कापलेल्या स्टडवर उद्या स्पेसर काढून चाक थेट चढवलं, तर नटाला आटे पुरत नाहीत. तेव्हा कापू नका, जाड स्पेसर घ्या.

पहिला आलेला संच परत केला. कारणं तीन. मधलं भोक १०८ ऐवजी ११० होतं. 'सगळ्यांना बसतो' म्हणून विकलेला माल असाच असतो. भोक ढिलं म्हणजे स्पेसर हबवर मधोमध बसत नाही, आणि तो चाकाला घेऊन डगमगतो. दुसरं, जाडी. मायक्रोमीटरने पाच जागी मोजल्यावर ०.३ मिलिमीटरचा फरक निघाला, ०.०५ च्या वर चालवून घेऊ नये. तिसरं, टेकणाऱ्या तोंडांवर पावडर कोटिंग. हा थर साठ ते शंभर मायक्रॉनचा असतो आणि दाबाखाली हळूहळू चेपतो. थर चेपला तेवढा स्टडचा ताण उतरला. ॲनोडाइझचा थर पातळ आणि कडक, तो चालतो. दुसरा संच ६०६१-टी६ ॲल्युमिनियमचा, आत १०८ चं भोक, बाहेर रिमचं भोक बसायला १०८ चा ओठ, म्हणजे वर आलेली गोल कड, आणि मागून दाबून बसवलेल्या स्टडच्या डोक्यावर १०.९ हा ताकदीचा शिक्का. स्टडची डोकी स्पेसरच्या मागच्या तोंडाच्या किंचित आत आहेत ना, हे पट्टी आडवी धरून पाहिलं. एखादं डोकं केसाएवढं वर असलं तरी अख्खा स्पेसर त्या एका डोक्यावर टेकतो.

गाडीचं वजन स्टड पेलत नाहीत. नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो आणि त्या ताणाने रिम, स्पेसर, हब एकमेकांवर दाबले जातात. वजन, ब्रेक, घाटातलं वळण हे सगळं पेलतं ते या तोंडांमधलं घर्षण. दाब कमी झाला की तोंडं घसरू लागतात, चाक मागे-पुढे ठोके देतं, आणि मग स्टड वाकून-वाकून थकतो आणि तुटतो. तुटलेला स्टड हातात आला की लोक 'कच्चा माल' म्हणतात. बहुतेक वेळा माल बरा असतो, दाब गेलेला असतो. आणि किनाऱ्यावर दाब खाणारी पहिली गोष्ट म्हणजे गंज. हबच्या तोंडावर पापुद्र्यासारखा गंज असताना नट शंभरला आवळला तर पाना शंभर दाखवतोच; पण दोनशे किलोमीटरमध्ये पापुद्रा चुरा होऊन झडतो आणि नट हाताने फिरावा इतका सैल होतो.

म्हणून सफाई. गाडी सपाट जमिनीवर, विरुद्ध बाजूच्या चाकांना पुढून-मागून अडथळा, जॅकने उचलून ॲक्सलखाली स्टँड. आपल्याकडे हाताशी चिरे असतात आणि चिऱ्यांवर गाडी टेकवायची सवयही असते. चाकाला आड लावायला चिरा उत्तम, गाडीखाली कधीही नको. भार कडेवर आला की जांभा काही न सांगता फुटतो.

चाक निघत नसेल तर टायरच्या आतल्या बाजूने लाकडी मोगरीचे ठोके, आळीपाळीने वर आणि खाली. गाडी स्टँडवर असताना लाथा नको. मागच्या ड्रमवर स्टडभोवती कधी-कधी पातळ पत्र्याच्या पकड-चकत्या असतात. कारखान्यात जोडणी करताना ड्रम पडू नये म्हणून घातलेल्या. त्या काढून टाकायच्या. चाकाच्या मागे त्यांना खळग्यात जागा मिळते, स्पेसरच्या सपाट तोंडाखाली त्या अडतात. या चकत्या काढायला विसरल्यामुळे 'स्पेसर वाकडा आहे' म्हणून परत पाठवणारे आहेत.

आधी गोड्या पाण्याने धुऊन लाल माती काढली, वाळवलं, मग ड्रिलला तारेचा कप लावून तोंड घासलं. ग्राइंडरची फ्लॅप डिस्क वापरू नये. ती गंजाबरोबर हबचं लोखंडही खाते आणि तोंडाला उतार आणते. खरी चिवट जागा म्हणजे स्टडच्या मुळाशी गंजाचं कडं. तारेचा कप तिथे पोचत नाही. अर्ध्या इंची लोखंडी नळीचा बोटभर तुकडा घेतला, त्याच्या तोंडावर १२० नंबरच्या पॉलिश पेपरची भोक पाडलेली चकती चिकटवली, नळी स्टडवर घालून हाताने फिरवली. एका स्टडला दोन-तीन चकत्या लागल्या. हबच्या मधल्या ओठाच्या मुळाशीही तसंच कडं असतं. शेवटी ब्रेक क्लीनर आणि स्वच्छ फडकं. रिमचं मागचं तोंडही साफ करायचं, तिथे ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी बसलेली असते.

एवढा आटापिटा का, ते आकड्यात सांगतो. हबचं तोंड साधारण १५० मिलिमीटर व्यासाचं धरा. त्याच्या एका कडेला ०.२ मिलिमीटरचा गंजाचा खडा राहिला. टायरचा बाहेरचा व्यास ६९३. तोच तिरपेपणा टायरपर्यंत पोचेतो ०.९ मिलिमीटर होतो. मग व्हील बॅलन्सिंग कितीही करा, ऐंशीला स्टीअरिंग थरथरत राहणार.

साफ झाल्यावर फिटर वापरतात तो निळा रंग हबच्या तोंडावर बोटाने पातळ फासला, स्पेसर कोरडाच दाबून काढला. निळा ठसा गोल सगळीकडे उमटला पाहिजे. मागच्या डाव्या हबवर पाव भाग कोरा राहिला. तिथे ओठाच्या मुळाशी कडं उरलेलं होतं. पुन्हा नळी फिरवली, पुन्हा ठसा, मग रंग पुसला. आत हात घालून आणखी एक पाहायचं: पुढच्या हबचा बाहेर आलेला भाग स्पेसरच्या पोटात न अडता मावतो का. स्पेसर हाताने पूर्ण टेकला पाहिजे. नट आवळून ओढून घ्यावा लागत असेल तर कुठेतरी अडतो आहे.

ग्रीसवरून वाद होतात. खाऱ्या हवेत सगळ्यालाच ग्रीस चोपडावं असं वाटतं. टेकणारी तोंडं, आटे आणि नटाचा शंकू, तिन्ही कोरडे. आट्यांना तेल लागलं की त्याच शंभर टॉर्कला स्टडवर बराच जास्त ताण येतो, कारण एरवी पान्याची बहुतेक ताकद घर्षणातच जाते. फक्त मधल्या ओठावर, जिथे ॲल्युमिनियम आणि लोखंड खाऱ्या ओलाव्यात एकमेकांना खातात, तिथे ॲन्टीसीझचा, म्हणजे धातू एकमेकांना चिकटू न देणाऱ्या लेपाचा, नखभर थर. तोही तांब्याच्या भुकटीचा नको. ॲल्युमिनियमला तांब्याचा शेजार लोखंडापेक्षाही वाईट. ॲल्युमिनियमच्या भुकटीचा मिळतो तो घ्यावा.

आता आवळणं. नट पाचही आधी हाताने. किती फेरे चढतात ते मोजायचे. स्टडच्या व्यासाइतकी लांबी नटात अडकावी हा धरून चालायचा नियम; १२ भागिले १.२५, म्हणजे साडेनऊच्या थोडे वर. आठच्या आत फेरे भरले तर तिथेच थांबा. आतल्या नटांसाठी पातळ भिंतीचा सॉकेट लागतो, नेहमीचा जाड सॉकेट स्पेसरच्या खळग्यात शिरत नाही. मग ४०, ७०, १०० अशा तीन टप्प्यांत, एक सोडून एक: पहिला, तिसरा, पाचवा, दुसरा, चौथा. हब फिरू नये म्हणून दुसऱ्या माणसाने ब्रेक दाबून धरायचा. टॉर्क पाना एकदा 'कट' म्हणाला की थांबायचं. खात्रीसाठी आणखी दोनदा कटकट करत बसलं की टॉर्क वर जातो. काम झालं की पाना सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवायचा, नाहीतर आतली स्प्रिंग बसते.

आतल्या नटांना लॉक करणारं द्रव लावा असं काही जण सांगतात. आम्ही लावलं नाही. ओलं असताना ते तेलासारखं वागतं, आणि वाळल्यावर पुन्हा टॉर्क तपासताना तो सांधाच मोडतो. त्याऐवजी प्रत्येक नटावरून स्पेसरवर पांढऱ्या ऑइलपेंटची बारीक रेघ ओढली. रेघ तुटली की नट हलला.

चाक चढवताना फसगत टोपी असलेल्या बंद नटांत होते. स्पेसरचे नवे स्टड मूळ स्टडपेक्षा बाहेर लांब असू शकतात. बंद नटाच्या तळाला स्टडचं टोक टेकलं की पाना शंभर दाखवतो आणि रिम मात्र सैलच असते. आधी चाकाशिवाय नट चढवून त्याची खोली मोजली. नंतर चाकासकट फेरे मोजले. बाहेरचे नट हवेत ७० पर्यंत, शेवटचे शंभर टायर जमिनीला टेकल्यावर.

हॅचबॅकवाल्यांसाठी दोन ओळी. ४ × १०० पीसीडी आणि ५४.१ च्या भोकाच्या गाड्यांवर पाच मिलिमीटरची चकती सर्रास टाकतात. तिथे दोन गोष्टी एकदम जातात: नटाचे तीन-चार फेरे, आणि हबच्या ओठाची बरीचशी उंची. ओठ चकतीतच संपला की रिम मधोमध धरणारं काही उरत नाही, फक्त नटांच्या शंकूंवर भिस्त. तीनपेक्षा जाड चकती लांब स्टड बदलल्याशिवाय टाकू नये. फोक्सवॅगन पोलोसारख्या बोल्टच्या गाडीला तर चकतीच्या जाडीएवढे लांब बोल्ट लागतात. स्टेपनी चकतीशिवाय लावली तर तेच लांब बोल्ट आत ब्रेकच्या भागांना लागतात, म्हणून मूळ बोल्ट डिकीत हवेतच.

स्टीअरिंग दोन्ही टोकांना फिरवून, आणि एक चाक उतरणीच्या दगडी कट्ट्यावर चढवून, टायर बंपरच्या आतल्या प्लास्टिकला किंवा मडफ्लॅपला घासतो का पाहिलं. २५ ला मूळ टायर कुठे लागला नाही. मग आरेवारेच्या रस्त्याने गणपतीपुळे, जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर, आणि परत येऊन चाकं थंड झाल्यावर तपासणी. गरम हबवर टॉर्क खोटा येतो. बाहेरचे नट सगळे जागेवर. चाकं काढून आतले तपासले तेव्हा पुढच्या उजव्या स्पेसरचे दोन नट शंभरला थोडे फिरले. उरलेले अठरा हलले नाहीत. पाचशे किलोमीटरला, मधे आंबा घाटातून एकदा वर-खाली झाल्यावर, एकही फिरला नाही. बाहेरचे नट घट्ट आहेत म्हणून आतले बघायचे सोडणं, हीच सगळ्यात सर्रास होणारी चूक. दोन्ही सांधे वेगळे आहेत.

कायद्याचं: मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करू देत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या १८२अ मध्ये नियमबाह्य बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. टायर मडगार्डबाहेर दिसला तर रस्त्यावर थांबवायला तेवढं पुरतं. वॉरंटीत बेअरिंग मागायला गेलात तर स्पेसर आधी बघितला जातो. विमा कंपनीला लेखी कळवून उत्तर घेतल्याशिवाय बसवू नये.

पंक्चरवाल्याला आधी सांगून ठेवा: इम्पॅक्ट गन नाही, पान्यावर उभं राहणं नाही. चाक गनने काढताना स्पेसरचा दाबून बसवलेला स्टड जागेवर गरगर फिरू लागला तर तो स्पेसर संपला. पातळ सॉकेट आणि टॉर्क पाना गाडीतच ठेवावा. वाटेत कुठल्याही गॅरेजात पातळ सॉकेट मिळेल याची खात्री नाही.

पुळणीवर गाडी घातली असेल, तर त्याच दिवशी गोड्या पाण्याची धार स्पेसर आणि रिमच्या फटीत मारायची. कोरडी वाळू निघते, ओली खारी वाळू तिथेच दगडासारखी बसते. नटाभोवती गंजाचा तांबडा ओघळ ही सैल नटाची खूण असते, पण आपल्याकडे लाल मातीचाही ओघळ अगदी तसाच दिसतो. आधी धुवायचं, दोन दिवस चालवायचं, ओघळ परत आला तर तो गंज. राखाडी-काळी भुकटी दिसली तर स्पेसर घसरतो आहे; तिथून पुढे गाडी चालवायची नाही. हळू वळताना चाकातून लयीत टक-टक आली तरी तेच.

किनाऱ्यावर स्पेसर वर्षातून दोनदा पूर्ण उतरवावे, मे महिन्यात आणि दसऱ्याच्या सुमारास. पावसाळ्यानंतर उतरवले तेव्हा पेंटच्या वीसही रेघा अखंड होत्या. टेकणारी तोंडं कोरडी आणि चकचकीत. मागच्या डाव्या बाजूला, जिथे निळा ठसा पहिल्यांदा अर्धवट उमटला होता, तिथे ओठाजवळ पांढरी भुकटी धरलेली होती आणि स्पेसर मोगरीच्या चार ठोक्यांनंतर सुटला. ओठ घासून, नव्याने ॲन्टीसीझ लावून, परत ४०, ७०, १००.